शून्याचा पहिला नंबर

शून्यमास्तरांचं खरं नाव ऑफिसातही कुणी घेत नसे. काम काय, तर घरोघर जाऊन पुरुषांना लघवीचा त्रास विचारायचा. अडते का, धार बारीक झालीय का, दिवसात किती खेपा. हाच फॉर्म आणखी बावीस देशांत भरला जात होता.

आता हा गृहस्थ विचारायचा कुठे? पुढच्या खोलीत! शेजारी बायको, समोर सून, दारात व्याही. कोण माईचा लाल खरं सांगेल? "छे हो, ठणठणीत!" म्हणायचे नि पाय आवळून बसायचे. मास्तर लिहायचे शून्य. स्वतःच्या फॉर्मवरही त्यांनी शून्यच ठोकलं होतं, आणि रस्ता मात्र मुताऱ्या बघून ठरवायचे.

"अहो, डॉक्टरांना दाखवा," बायको कानीकपाळी ओरडायची. "एक दिवस तुंबलं तर जिवावर बेतेल."

"आधी देशाचा निकाल लागू दे," मास्तर म्हणायचे. काय बोलावं अशा माणसाला!

निकाल लागला. सर्वांत कमी त्रास आपल्याकडे, तेवीस देशांत पहिला नंबर! रहस्य शिकायला परदेशातून डॉक्टरीणबाई आल्या. मास्तरांचा सत्कार ठरला, भाषणं दोन तास चालली. मंचावरचे साहेब खुर्च्यांत चुळबुळत होते, पण उठतो कोण? जगात पहिले आलेले ना! मास्तरांना दरदरून घाम फुटला.

"तुमच्या पुरुषांना त्रास कसा नाही?" बाईंनी माईक पुढे केला.

"बाई, आधी वाट सोडा!" मास्तर सत्कारात मिळालेली ढाल काखोटीला मारून मुतारीकडे पळाले.

आत गेले, तर थेंब येईना. पोट दगड झालेलं. मास्तर घाबरून रडायलाच लागले.

दाराबाहेरून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून?"

"चार वर्षं."

"सहा," बायकोचा आवाज आला. "मी मोजलीत."

"दिवसाला खेपा?"

"सोळा-सतरा."

एव्हाना बाहेर रांग लागली होती. तिच्यातून मोठ्या साहेबांनी घसा खाकरला. "माझ्या एकोणीस. जरा लवकर आटपा."

मास्तरांना उचलून दवाखान्यात नेलं, नळी घातली, जीव वाचला. जरा बरं वाटताच त्यांनी स्वतःचा फॉर्म मागवला. खाटेभोवती साहेब, मेहुणे, जावई, सगळे वाकून बघत होते. मास्तरांचा हात पुन्हा शून्याकडे वळला.

बायकोने एकेकाला दंडाला धरून बाहेर काढलं. शेवटी स्वतःही निघाली, आणि दार ओढून घेत म्हणाली, "आता कुणी नाही. खरं लिहा."