‘मन, मन’ म्हणणाऱ्या आजी

ज्याच्या विशाल उदरात भक्तांनी अर्पिलेले सर्व काही सामावते, त्या श्रीगजाननाला प्रथम वंदन करतो. मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी, “या देशात तुम्हांला ज्यांनी काही शिकवलं अशा एका व्यक्तीवर लिहा,” असा आग्रह संपादक मंडळींनी धरला, म्हणून हे लेखन. त्यांना बहुधा एखाद्या विद्वानाचे चित्र अपेक्षित असावे. माझ्या डोळ्यांसमोर मात्र एक ठेंगण्या चिनी आजी उभ्या राहतात. त्यांचे नाव मला ठाऊक नाही, त्यांची भाषा मला कधी कळली नाही, आणि त्यांच्याविषयी मी केलेले जवळजवळ प्रत्येक अनुमान चुकीचे निघाले.

त्या सदैव पोटावरून हात फिरवीत असत. उभ्या असोत, बसलेल्या असोत, लेकीची वाट पाहत असोत. जाड निळ्या कोटावरून त्यांचा तळवा नाभीभोवती संथपणे वर्तुळे काढीतच असे. माझी आठ वर्षांची नात ऋचा त्यांना ‘टमी-आजी’ म्हणे. मी तिला दटावीत असे. पण दुसरे नाव माझ्याजवळ नसल्यामुळे मीही घरात तेच वापरू लागलो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, पत्नीच्या निधनानंतर, मी चिरंजीव श्रीधरकडे अमेरिकेत, पिस्कॅटवे गावी, कायमचा राहायला आलो. आयुष्य साताऱ्याकडे संस्कृत शिकवण्यात गेलेले. येथे आल्यावर पहिल्या महिन्यातच माझे पोट बिघडले. चार-चार दिवस साफ होत नसे, दोन घास खाल्ले की फुगत असे. डॉक्टरांनी तपासण्या केल्या; दोष काही सापडला नाही. सूनबाई मेधा नोकरीहून येऊन माझ्यासाठी वेगळी मुगाची खिचडी करी आणि मी अर्धी ताटात टाकून उठे. एके दिवशी ती श्रीधरला म्हणताना मी ऐकले, “माझ्या हातचं बाबांना पचत नाही, त्याला मी काय करू?” ते शब्द मला फार लागले. मनाशी ठरवले की मार्चअखेरपर्यंत प्रकृती सुधारली नाही तर गावी परतायचे. तेथे दिवा लावायलाही कोणी नव्हते. परंतु आपल्या पोटामुळे एखाद्या गृहिणीला स्वतःच्या हाताविषयी शंका यावी, यापेक्षा ते बरे. श्रीधरकडून मी हट्टाने तिकीट काढून घेतले.

दिवसा सगळे कामावर आणि शाळेत. हिवाळ्यात मी जेवण झाले की इमारतीच्या तळघरातल्या कपडे धुण्याच्या सामाईक खोलीत जाऊन बसे. ड्रायरच्या उबेने तेथे बरे वाटे. टमी-आजीही तेथेच येत. त्यांना प्रथम पाहिले तेव्हा त्यांचे ओठ हलत होते आणि हात नाभीभोवती फिरत होता. मी समजलो, हा न्यास आहे. आपल्याकडे मंत्रोच्चार करीत अवयवांना स्पर्श करतात तसा. आदराने मी हात जोडले. त्यांनी वळून मागे पाहिले. मागे फक्त ड्रायर होता. माझ्याकडे आणि त्या यंत्राकडे आळीपाळीने पाहून त्यांनीही, बहुधा माझ्या समाधानासाठी, यंत्राला हात जोडले.

जेवणानंतर पोटावरून हात फिरवीत, अन्नरूपाने पोटात गेलेला राक्षसही पचवणाऱ्या ऋषींचे स्मरण करण्याची आमच्या घरची रीत. एकदा तेथे बसल्या बसल्या मी ते केले. आजींनी ते पाहिले आणि त्यांचा समज झाला की या गृहस्थाचे पोट दुखते आहे. समज चुकीचा, पण वस्तुस्थिती खरी! त्या उठून समोर आल्या, दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम केले, एक पोटावर ठेवला, त्यावर दुसरा, आणि उजवीकडून वर, मग आडवे, मग डावीकडून खाली असे वर्तुळ काढून दाखवले. माझा हात आपोआप तसाच फिरला, कारण देवळातली प्रदक्षिणाही त्याच दिशेने असते. आजींनी आनंदाने मांडीवर थाप मारली. आणि येथूनच माझा गोंधळ खऱ्या अर्थाने वाढला. मला वाटू लागले की ही विद्या आपलीच आहे.

त्या संध्याकाळी सूनबाईने विचारले, “बाबा, आज खाली काय केलंत?”

“प्रदक्षिणा.”

“लॉन्ड्रीरूमला?”

“स्वतःच्या नाभीला.”

तिने श्रीधरकडे पाहिले. “श्रीधर, ऐकतोयस ना? ती डॉक्टरांची अपॉइंटमेंट कॅन्सल करू नकोस.”

आजी वर्तुळे मोजून काढीत. छत्तीस झाली की थांबत. मला एकशे आठांची सवय. त्या माझे मनगट धरून थांबवीत, तेव्हा मी हिशेब केला की छत्तिसाची तीन आवर्तने म्हणजे एक माळ होते, आणि माझी खात्री अधिकच दृढ झाली. त्यावर कळस चढवला तो त्यांच्या एका शब्दाने. मी हात फिरवू लागलो की त्या म्हणत, “मन, मन.” अगदी स्वच्छ, दोनदा. एक विसर्ग सोडला तर शुद्ध संस्कृत! हात नाभीवर असला तरी मन तेथे हवे, असा त्यांचा उपदेश आहे, हे जाणून मी स्तिमित झालो. डोळे मिटून मन एकाग्र करू लागलो. एकाग्रता जितकी वाढे तितका माझा हात वेगाने फिरे, आणि आजी तितक्याच कळकळीने म्हणत, “मन, मन, मन!” मी पुण्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याला चार पानी पत्र लिहून, चीनमध्ये आपली नाभिविद्या मूळ संज्ञेसह कशी टिकून आहे, हे सप्रमाण कळवले.

पोट मात्र अधिकच दुखू लागले. वरून त्वचा हुळहुळी झाली, आतून मुरडा येऊ लागला. विद्या खरी, गुरू खरा, शब्द खरा, मग फळ उलटे का? माझी पात्रता नसेल, असा निष्कर्ष काढून मी पेटी भरायला घेतली.

मार्चमधल्या एका शनिवारी ऋचाला घेऊन मी खाली गेलो. आजींची लेक कपड्यांच्या घड्या घालीत होती. ती जवळच्या विद्यापीठात संशोधन करी आणि इंग्रजी उत्तम बोले. जाण्यापूर्वी कृतज्ञता व्यक्त करावी म्हणून मी तिला माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत म्हणालो, “मनाविषयी आपल्या मातोश्रींनी केलेला उपदेश मी विसरणार नाही.”

ती गोंधळली. “मनाविषयी? आई तर तसं काही बोलत नाही.”

“बोलतात तर! मन, मन.”

तिने आईला विचारले. आजी बराच वेळ, हातवारे करीत, काहीशा रागाने बोलल्या. लेकीने तोंडावर टॉवेल धरला, तरी तिचे हसू आवरेना. तिने ऋचाला काहीतरी सांगितले आणि माझी नात किंचाळलीच, “आजोबा, शी इज सेइंग स्लो! स्लो डाऊन! ओ माय गॉड, आजोबा!”

त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘हळू हळू’. मी वाकलेली मान वर करेपर्यंत आजींचे पुढचे वाक्यही भाषांतरित होऊन आले. “आई विचारते, हे गृहस्थ पोटावर कणीक मळल्यासारखं का करतात? एवढी घाई कशाची? कुठे जायचंय यांना?”

“गावी. याच महिन्याच्या अखेरीस,” मी सांगितले.

“तिथे कोण आहे?” आजींनी लेकीमार्फत विचारले.

“कोणी नाही.”

त्यावर आजींनी जे म्हटले ते सांगताना लेक जरा संकोचली. “आई म्हणते, मग तिथे गेल्यावर पोट दुखतं हे सांगणार कोणाला?”

शब्द, धातू, प्रत्यय यांवर आयुष्य काढलेल्या माणसाला साध्या प्रश्नाचे उत्तर न सुचावे, याचे ऋचालाही आश्चर्य वाटले असावे. ती माझा हात धरून उभी राहिली. आजींनी मला खुर्चीत बसवले. या वेळी त्या समोर न बसता शेजारी बसल्या, माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि तो फिरवू लागल्या. इतका संथ, की एक वर्तुळ पूर्ण व्हायला माझा एक सबंध श्वास लागला. छत्तीस पूर्ण झाली तेव्हा शेजारचा ड्रायर केव्हाच थांबलेला होता.

त्यानंतर रोज त्या माझ्या शेजारी बसत. आठवड्याभरात मुरडा गेला, पंधरा दिवसांत पोट वेळच्या वेळी साफ होऊ लागले. हे नेमके कशाने झाले, ते मी आजही सांगू शकत नाही. हाताने झाले, की घाई सुटल्याने, की रोज कोणीतरी शेजारी बसते या आधाराने? यावर मी खूप विचार केला आहे आणि प्रत्येक वेळी निराळ्या ठिकाणी पोहोचलो आहे. विद्यार्थ्याला चुकीची कबुली देणारे पत्र लिहायला मला पुढे दोन महिने लागले.

तिकिटाच्या तारखेआधी तीन दिवस, रात्रीच्या जेवणात मी म्हणालो, “मेधा, अजून थोडा भात वाढ.”

ती भाताचे भांडे हातात घेऊन तशीच उभी राहिली. “बाबा, खरंच? की मला बरं वाटावं म्हणून?”

“भूक लागली आहे, बाळ. आमटीही वाढ.”

तिने वाढले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ उगीचच बराच वेळ सोडून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी न सांगता, श्रीधरने तिकीट कॅन्सल केले.

उन्हाळ्यात लेकीचे शिक्षण संपले आणि आजींचा मायदेशी जाण्याचा दिवस आला. त्या निरोप घ्यायला आमच्या दारात आल्या. वयाने वडील, विद्येने गुरू. मी त्यांच्या पायांशी वाकलो. त्यांना वाटले की माझे काहीतरी पडले. त्याही लगबगीने खाली बसल्या आणि गालिच्यावर इकडेतिकडे हात फिरवून शोधू लागल्या. मी कसे समजावणार? मीही त्यांच्यासोबत थोडा वेळ शोधले. तेवढ्यात त्यांचा हात माझ्या हाताला लागला. तो त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला, हसल्या, आणि काय म्हणाल्या ते मला कळले नाही. लेक खाली गाडीत सामान ठेवीत होती. भाषांतर करायला कोणी नव्हते. ते वाक्य निरोपाचे होते, आशीर्वादाचे होते, की ‘सापडेल, काळजी करू नका’ असे होते, हे आता कधीच कळणार नाही. मी मात्र ते आशीर्वाद म्हणूनच स्वीकारले आणि कायमचा येथलाच झालो.

वाचकहो, श्रीगजानन तुम्हांला निरामय ठेवो. तुमच्या घरी शिजलेले अन्न लहानथोरांच्या अंगी लागो, रांधणाऱ्या हातांना यश येवो, आणि परक्या देशात तुमच्या वडीलधाऱ्यांजवळ बसायला कोणीतरी सदैव असो. शुभं भवतु.