सात मोठे की पाच?

शाळेच्या संगणक कक्षात नवे लॅपटॉप खोक्यांतून काढताना कोऱ्या प्लास्टिकचा वास सुटला आणि मला घाटकोपर स्टेशनजवळचे ते अरुंद, थंडगार दुकान आठवले. लेकीला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला होता. तिच्या आराखड्यांसाठी लॅपटॉप घ्यायला मी, यजमान आणि थोरले दीर गेलो होतो. मी सर्व नीट वाचून गेले होते. समोरच्या दोन यंत्रांकडे बोट दाखवून मी म्हटले, "भाऊजी, आय-सेव्हन, आय-फाइव्ह ही प्रोसेसरची केवळ श्रेणी झाली. त्यापुढचा आकडा पिढी सांगतो. हा सात सहाव्या पिढीतला, जुन्या साठ्यातला आहे. तो पाच अकराव्या पिढीतला आहे, म्हणून अधिक वेगवान." दीर दुकानदाराकडे पाहून हसले. "काय टीचरबाई, सात मोठे की पाच? शाळेत पण असंच उलटं शिकवतेस काय गं?" दुकानदारही हसला. यजमान पुटपुटले, "दादा बोलतोय ना, मग विषय संपला." सात घेतला गेला. पहिल्याच सत्रात, आराखडा सादर करण्याच्या आदल्या दिवशी, ते यंत्र तापून पुन्हापुन्हा बंद पडू लागले आणि लेकीचा तो विषय राहिला. यजमान माझ्यावरच उखडले, "एवढं कळत होतं, तर तेव्हा ठासून सांगायचं ना!" पुढे घरात ती हकीकत 'लॅपटॉपच खराब निघाला' अशीच सांगितली गेली. आता लेक नोकरी करते. परवा नवा लॅपटॉप घ्यायचा म्हणाली, तेव्हा मी चष्मा लावून तिच्याशेजारी बसले. "थांब गं आई," ती म्हणाली, "आधी काकांना विचारते."