अभ्र्याची उलटी बाजू

धाकट्या जावेनं पन्नाशीत भरतकाम सुरू केलं आणि घरभर तिचाच उदोउदो. मी तीस वर्षं या सगळ्यांचे कपडे शिवतेय, माझं कुणी नावसुद्धा काढत नाही! पोटात दुखणारच ना? शिवणाऱ्या बाईची खोड, तिनं भरलेला उशीचा अभ्रा मी गुपचूप उलटा करून पाहिला. म्हटलं, गाठी सापडतील. मेली एक गाठ नाही! मग मीही लग्नाआधीची भरतकामाची रिंग माळ्यावरून काढली आणि रुमालावर गुलाब भरला. पुढून बरा जमला. मागचं विचारूच नका.

जाऊ म्हणाली, "ताई, काय सुरेख! बघू इकडे."

"लांबूनच बघ," म्हणत मी रुमाल घट्ट धरून ठेवला.