कंपनीमागचा माणूस

हॉटेलात बसलो की आम्ही सगळे मेन्यू वरून वाचायला लागायचो आणि ताई खालून. तळाशी बारीक अक्षरात हॉटेल चालवणाऱ्या कंपनीचं नाव छापलेलं असतं ना, ते. नाव फोनवर टाकायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि जाहीर करायचं, "हे पंजाबी हॉटेल वेल्समधल्या एका रिटायर्ड डेंटिस्टचं आहे."

"बरं, मग?"

"मग काही नाही. कंपनी कंपनी म्हणतात, पण मागे माणूस असतोच. माहीत असलेलं बरं."

लंडनच्या इल्फर्ड भागातल्या आमच्या इमारतीत त्या दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, आम्ही चौथ्या. मूळच्या नागपूरच्या. जिन्यात भेटल्या की "जय भीम" आणि पाठोपाठ "जेवलीस का?" रोज ट्रेनने रीडिंग नावाच्या गावी एका बँकेच्या ऑफिसात जायच्या. खातं उघडायला आलेल्या कंपनीचा खरा मालक कोण, हे तपासायचं त्यांचं काम. ऑफिस सुटलं तरी काम न सुटणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

त्या वर्षी आमची लिफ्ट बंद पडली. आईचं खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. हॉस्पिटलच्या माणसांनी तिला व्हीलचेअरसकट उचलून वर आणलं आणि ती वरच अडकली. पानगळ झाली, ख्रिसमस झाला. सुरुवातीला ती खिडकीतून दिसेल ते मला सांगायची. मग विचारलं तरी सांगेना. मला त्याचीच भीती वाटायला लागली.

इमारत सांभाळणाऱ्या एजंटला फोन केला की उत्तर ठरलेलं, "मालक कंपनीची मंजुरी आलेली नाही." कंपनीला लिहिलं, तर ते पत्र फिरून एजंटच्याच टेबलावर.

एका रविवारी दुपारी ताई लॅपटॉप घेऊन आल्या आणि आईच्या शेजारी बसल्या. इथल्या कंपन्यांचं सरकारी रजिस्टर इंटरनेटवर कोणालाही फुकट बघता येतं. कंपनीवर खरा ताबा कोणाचा, हेही त्यात लिहावं लागतं.

"बघा काकू, ही आपली मालक कंपनी. हिची मालक ही दुसरी कंपनी. आणि तिची मालक ही तिसरी."

"म्हणजे माणूस कोणी नाहीच का?" आईने विचारलं. कितीतरी दिवसांनी ती आपणहून काही विचारत होती.

"थांबा हो."

आणि शेवटी माणूस आला. एका बाईंचं नाव, जन्माचा महिना आणि साल, पत्रव्यवहाराचा पत्ता एडिनबराचा.

"ऐंशीच्या पुढच्या आहेत," ताई हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात तळमजल्यावरचे शेजारी वर आले. ते म्हणाले, "टाका नाव फेसबुकवर. कळू दे सगळ्यांना."

ताईंनी लॅपटॉप मिटला. "नाव सापडलंय, माणूस अजून सापडायचाय. आधी बोलू तर द्या."

शेजारी गेल्यावर त्या चहाचा कप घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, "माझे बाबा गिरणीत होते. एक दिवस गेले तर गेटला कुलूप. वर कंपनीच्या नावाचा कागद. सगळे कामगार विचारत फिरले, कोणी बंद केली? बाबा वारले, तोपर्यंत त्यांना कोणी सांगितलंच नाही. त्यांना भांडायचंही नव्हतं गं. नुसतं समोर बसून विचारायचं होतं."

आईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

पत्र ताईंनीच लिहिलं. कायदा एका ओळीत, बाकी सगळी आई: ती कुठल्या खिडकीशी बसते, तिला बागेत जायला कसं आवडायचं.

उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. पण एका सकाळी ताई धापा टाकत जिना चढून आल्या, हातात चालू फोन. तो त्यांनी स्पीकरवर टाकून आईसमोर धरला. पलीकडे थकलेला, स्वच्छ आवाज. नवरा वारला, वकिलाने पुढे केलेल्या कागदांवर सह्या केल्या, एवढंच त्या बाईंना आठवत होतं.

"मला वाटलं ती नुसती गुंतवणूक आहे," त्या म्हणाल्या. मग पुढे म्हणाल्या, "तिथे लोक राहतात, हे मला कोणी सांगितलंच नाही."

आई पूर्वी शाळेत शिकवायची. फोनकडे वाकून ती तिच्या शाळेतल्या ठणठणीत इंग्रजीत म्हणाली, "राहतो ना! चौथ्या मजल्यावर. या एकदा."

त्यानंतर एजंटचा आवाज एकदम मऊ झाला. तरी पार्ट यायला, माणसं यायला वेळ लागलाच. वसंतात लिफ्ट सुरू झाली. त्या दिवशी ताईंनी आईची खुर्ची स्वतः बागेपर्यंत ढकलत नेली आणि रीडिंगच्या ऑफिसला फोन करून सांगितलं, "आज उशीर होईल. घरचं काम आहे."

पुढे बँकेने त्यांची बदली एडिनबराला केली. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "त्या आजींनी चहाला बोलावलंय, तेही होईल."

त्या निघाल्या त्या दिवशी आई स्वेटर घालून खाली फुटपाथवर आली होती. ताई वाकून तिच्या पाया पडल्या, मला जवळ घेतलं आणि टॅक्सीत बसल्या. टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत आईने हात वर धरून ठेवला होता. रस्ता रिकामा झाला. गार वारं सुटलं होतं, म्हणून मी खुर्ची दाराकडे वळवू लागले.

आईने चाकावर हात ठेवला. "इतक्यात वर नको गं," ती म्हणाली. "बसू जरा इथेच."