राब भाजलेल्या शेतात ड्रोन

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट म्हणजे काय, हे वडिलांना सांगताना मी बरीच अडखळले. शेवटी त्यांना मुंगीचं उदाहरण दिलं. वाळवंटातली मुंगी खाणं शोधत कशीही भटकते, पण पावलं आणि वळणं लक्षात ठेवून सरळ घरी येते. जवळ आल्यावर आजूबाजूची जागा ओळखून बीळ शोधते. माझा ड्रोनही उपग्रहाला न विचारता असाच परतणार होता. आतला सेन्सर वळणं मोजणार, खालचा कॅमेरा जमीन ओळखणार.

"मंग आपल्याच शेतात शिकव की," वडील म्हणाले.

तळ्याजवळच्या आमच्या शेतात भाताची कापणी होऊन गेली होती. ड्रोनच्या उतरायच्या जागेचे मी भरपूर फोटो काढले आणि कॉलेजच्या कॉम्प्युटरवर दोन दिवस लावून ड्रोनला ती जागा शिकवली. प्रोजेक्टचे सर स्वतः बघायला येणार होते. ड्रोन जागेवर उतरला तर प्रोजेक्ट पास.

त्या सकाळी मी सरांच्या गाडीतून उतरले आणि शेताकडे वळले. ड्रोनची उतरायची जागा काळीकुट्ट. रोपांसाठी पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजतात, तो राब. दरवर्षी वडील तो बराच उशिरा भाजतात. या वेळी सर येणार म्हणून आधीच उरकून जागा नीटनेटकी केली होती. ते खुशीत उभे होते. मी तसाच ड्रोन मांडला.

ड्रोन उडाला, ओढ्यापर्यंत भटकला आणि खरंच सरळ परतला. काळ्या तुकड्यावर येऊन थांबला. मग मुंगीला बीळ सापडलं नाही की ती जशी मोठी मोठी वर्तुळं घेते, तशी घेऊ लागला. तेही मीच शिकवलं होतं. तिसऱ्या वर्तुळात त्याला चुलत्यांचं शेत दिसलं. तसाच बांध, तशीच धसकटं. तो तिथे अगदी निवांत उतरला.

मी सरांना खरं काय झालं ते सांगितलं. वडिलांचा चेहरा पडला.

"चूक तिची न्हाय सर, माझी हाय. राब मी भाजला."

सर हसले नाहीत. म्हणाले, "काका, हे शेत अजून किती रूपं बदलतं?"

वडील बांधावर बसले आणि सांगू लागले. नांगरट, मग चिखल, मग रोपांचा पोपटी रंग, लावणीनंतर नुसतं पाणी, मग पिवळं. सरांनी मला ते लिहून घ्यायला सांगितलं. माझा ड्रोन फक्त एकच रूप शिकला होता, हे मला लिहितानाच नीट समजलं. रिपोर्टमध्ये हे एक प्रकरण हवंच, सर म्हणाले, आणि पास व्हायचं तर काळी जमीन शिकवून पुन्हा उडव.

मी आठवडा मागितला. सरांनी खिशातून डायरी काढली, पण तारीख मला विचारली नाही.

वडिलांनी जरा विचार केला. "पुढच्या बुधवारी या, सर. तवर शेतातलं कायपन हलवत न्हाय."