उदगीरमार्गे जपान

जपानात बर्फावर घसरायला जायचं असेल, तर आधी उदगीरला सोयाबीनवर घसरून बघू नये. हे मी अनुभवाने सांगतो आहे.

लग्न झालं तेव्हा सुनंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, मी सिमल्याला न्यायचं कबूल केलं होतं. तिला बर्फ हातात धरायचा होता, बस्स. पण दर वर्षी काही ना काही निघालं आणि सिमला राहूनच गेलं. मग निवृत्त झाल्यावर मी एकदम जपानच काढलं! आठवडाभराची सहल. आधी स्कीइंग, मग देवळं, चहाचा समारंभ आणि गरम पाण्याचे झरे.

"अहो, स्कीइंग कशाला? मला नुस्ता बर्फ हातात धरायचाय," सुनंदा म्हणाली.

"नुसता धरायला एवढ्या लांब जातं का कुणी? त्याच्यावरून घसरायचं!" (लातुरात मी आजवर फक्त न्हाणीघरात घसरलो होतो.)

पण परक्या मुलखात फजिती नको, म्हणून सराव हवा. लातुरात उतार आणायचा कुठून? तेव्हा मला मेहुणा आठवला. बालाजीची उदगीरला आडत आहे आणि हंगामात त्याच्या गोदामात सोयाबीनचा ढीग छताला टेकतो. सोयाबीनवर पाय ठरत नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मला तेच तर हवं होतं!

कपाटाच्या दोन फळ्या सुतळीने बुटांना बांधल्या आणि हातात काठ्या घेऊन मी ढिगावर चढलो. म्हणजे हमालांनी चढवलं.

"दाजी, उतरा खाली! माल लई घसरायलाय," बालाजी ओरडला.

"घसरायलाच आलोय रे!"

आणि निघालो. काय सांगू, सुरेख निघालो! फक्त थांबायचं कसं, तेवढं शिकायचं राहिलं होतं. समोर वजनकाटा होता, त्याच्यावर जाऊन आदळलो. (काटा चोख. पडल्यापडल्या वजन दाखवलं.) गुडघा मात्र गेला.

डॉक्टर म्हणाले, "हा हिवाळा प्रवास बंद. रोज व्यायाम करा, वर बर्फ ठेवा."

"मग मी बी न्हाई जात," सुनंदाने जाहीर केलं. मीच हट्टाने तिला पाठवलं. व्हिसाचे कागद अजून जायचे होते, त्यामुळे माझ्या जागी बालाजी गेला. माझा नवाकोरा कोट घालून!

तिकडून व्हिडिओ कॉल आला. सुनंदाच्या ओंजळीत बर्फ होता आणि ती लहान पोरीसारखी हसत होती.

"अहो, लई गार हाय हो! तुमी पायजे होता."

मला फार वाईट वाटलं. या एका ओंजळीसाठी तिने इतकी वर्षं वाट पाहिली, आणि ऐन वेळी तिच्या शेजारी मी नव्हतो. माझा कोट होता.

"दाजी, सोयाबीनपेक्षा लई सोपं हाय!" असं ओरडत तो कोट मागच्या उतारावरून झोकात निघून गेला.

"तुमच्याकडं कसं हाय?" सुनंदाने विचारलं.

मी गुडघ्यावरची पिशवी उचलून फोनसमोर धरली. "इकडंही बर्फच आहे गं. फरक इतकाच, की तिकडं बालाजी बर्फावर आहे, आणि इकडं बर्फ माझ्यावर!"