इंची आटे
खंडेनवमीला मशिनी धुऊन-पुसून पुजायच्या, ही उद्यमबागेतल्या कारखान्यांची रीत. त्या वर्षी आमच्या कारखान्यातल्या जुन्या लेथच्या पट्ट्यावरचं कव्हर काढून रंगवलं. परत बसवताना त्याचे स्क्रू सापडेनात. ते इंची आट्यांचे होते. आरतीची घाई, म्हणून मालकानं डब्यातले सहा एमएमचे काढून दिले. डोकं तसंच, जाडीही जवळजवळ तीच. पण आटे जुळत नसले की असला स्क्रू थोडा आत जाऊन अडकतो, आणि हाताला वाटतं, घट्ट बसला.

दसरा झाल्यावर पहिल्याच दिवशी चालत्या लेथवरून ते कव्हर निसटलं. लेथवर माझा थोरला भाऊ होता, आमचा अण्णा. पडणारी वस्तू धरायला हात आपोआप पुढं जातो. अण्णाचा उजवा हात पट्ट्यात गेला आणि मनगटापासून तुटला.

दवाखान्यात मालक म्हणाला, "देवाच्या मनात काय असतंय, कुणाला ठावं?"

देवाच्या मनातलं मला ठाऊक नाही. त्या भोकात काय घातलं होतं, ते ठाऊक आहे.

पुढच्या खंडेनवमीला त्याच लेथपुढं नारळ फोडायचा मान मालकानं अण्णाला दिला. अण्णानं तो डाव्या हातानं फोडला. मग आरती सुरू झाली आणि सगळे टाळ्या वाजवू लागले. अण्णा डावा हात मांडीवर आपटत उभा होता.